भिंतीला हात

चार महिने पारकरांशी माझं छान जमत होतं, फोनवर.
अजमानच्या ऑफिसात बसून मी बोलायचे,
शारजाहच्या कुठल्याशा खोलीतून ते म्हणायचे, हो हो.
एकच बेडरूम. हो हो.
समुद्र दिसणार नाही, चालेल? हो हो.
सर्व्हिस चार्ज दरवर्षी वाढतो. हो हो.
इतका हुकमी होकार
माझ्या लग्नातही कुणी दिला नव्हता.

मी फिरता व्हिडिओ पाठवला,
बोटानं ढकलला की अख्खा हॉल गरगरतो,
सोफा येतो, जातो, खिडकीत खोटं ऊन पडतं.
दोन निळ्या खुणा.
फॉर्म पाठवला. दोन निळ्या खुणा.
टोकन येईना.
आमचा मॅनेजर बिजॉय म्हणाला,
टाइमपास आहे, नाव खोड.

म्हटलं, खोडण्याआधी माणूस बघून तरी घ्यावा.

ऑगस्ट. असरची अजान नुकती होऊन गेलेली.
टॉवरच्या पायथ्याशी कॅफेटेरियाच्या सावलीत
एक उंच, पोक आलेले गृहस्थ,
शर्टाला कडक इस्त्री, खिशाला पेन,
दोन्ही हातांत करक चहाचे कागदी कप.
त्यातला एक माझा,
मी कोण हे कळायच्या आधीच घेऊन ठेवलेला.

मी बोलायला लागले
आणि ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.
डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.
मला राग आला, बाईला येतो तसा, सवयीचा.
मग ते म्हणाले,
"बाय, जरा उजेडाकडं तोंड कर.
सावलीत मला ऐकायला येत नाय."

एकतीस वर्षं जहाजांच्या इंजिनांत.
कान तिथेच ठेवून आले.
"फोनवर काय करू? माणूस इतका बोलतोय
तर हो म्हणावं. नाय म्हटलं तर परत विचारतात."

मी गॉगल काढला.
च्युइंगम कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकलं.
आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं,
एकेक शब्द तोंडात नीट मांडून,
पोरांना शुद्धलेखन घालतात तसा.

चौदाव्या मजल्यावर
त्यांनी ना किचन बघितलं, ना बाल्कनी.
सरळ बेडरूममध्ये गेले, भिंतीवर तळवा टेकला,
कपाळावर ठेवतात ना ताप बघायला, तसा.
डोळे मिटले.
"लिफ्ट हाय मागं. वर चालली. थांबली.
आता खाली."
मी भिंतीला कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही.

"मला काय, मी दगडासारखा झोपतो.
पण हमीदा येतेय दाभोळहून. आता कायमची.
तिची झोप पाखराची."

हमीदा माझ्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हती.
राहणाऱ्यांची संख्या: दोन. एवढंच.
एकतीस वर्षांच्या सुट्ट्यांची बेरीज
त्यांनी पेन काढून तळहातावर करून दाखवली.
सगळा मिळून संसार, चार वर्षंही भरला नाही.
"आणि फोनवर? त्यांच्याशी?"
मी विचारलं, सावकाश.
ते हसले, बराच वेळ, खिडकीबाहेर बघत.
"तिलापण हो हो."

मग आम्ही जिन्यानं उतरत गेलो,
बाराव्यावर, अकराव्यावर, किल्ल्यांचा जुडगा वाजवत,
बिजॉयचा फोन दोनदा कापला,
प्रत्येक भिंतीला त्यांचा हात, आणि मागे माझा,
हळूहळू मलाही कळायला लागलं,
ही पाण्याच्या पाइपानं धडधडते,
या भिंतीपलीकडे कुणाचं तरी वॉशिंग मशीन.

नवव्यावर, कोपऱ्याच्या खोलीत,
त्यांनी तळवा ठेवला आणि उचललाच नाही.
"ही गप हाय," म्हणाले.

माझ्याकडे तोंड वळवून थांबले, ओठांवर नजर ठेवून.
ही अठरा हजार दिरहम जास्त, मी सांगितलं.
"नाय," ते म्हणाले.

चार महिन्यांत पहिल्यांदा.
मला इतका आनंद झाला
की खाली आल्यावरचा चहा मी सांगितला,
उजेडाकडची खुर्ची ओढून घेतली
आणि आमचा सौदा सुरू झाला.